रॅम घेताना पावलं मोजू नका, बांध मोजा

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने मला एकाच प्रकारचे फोन येतात. परवा अमळनेरहून माझ्या मावसभावाच्या मुलाचा आला. "काका, डीडीआर४ मध्ये सीएल१६ मिळतेय आणि डीडीआर५ मध्ये सीएल३६. दुकानदार म्हणतो, सीएल जेवढा कमी तेवढी रॅम चांगली. मग नवीन मशीनला पैसे टाकून हळू रॅम कशाला घ्यायची?"

डीडीआर४ ही रॅमची जुनी पिढी, डीडीआर५ नवी. दुकानदार खोटं बोलत नव्हता, पण त्याने अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं फोनवर सांगायला गेलो तर आकड्यांची गर्दी झाली आणि पोरगं गोंधळलं. म्हणून त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारखं पहिलंच मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जोडणाऱ्या प्रत्येकासाठी, सगळं नीट लिहून काढतोय. मी भुसावळला असतो. लग्नाचे व्हिडिओ करणारे, हिशेब लिहिणारे, इंजिनिअरिंगची पोरं अशांना मशीन जोडून देणं हे माझं रोजचं काम.

आधी आमच्या शेतातली एक गोष्ट. ड्रिपची नळी आणायला जायच्या आधी आबा बांध पावलांनी मोजायचे. त्यांची ८० पावलं भरायची. मी तोच बांध चालायचो तर ११० भरायची. लहान होतो, मला वाटायचं माझं काहीतरी चुकतंय. आबा म्हणायचे, "तुझी पावलं जास्त भरली म्हणून बांध वाढला नाही रे. पाऊल केवढं ते आधी सांग."

रॅमचा सीएल म्हणजे ही पावलं. प्रोसेसरने एखादी गोष्ट मागितल्यावर ती रॅममधून बाहेर यायला लागेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, तो हा आकडा. सीएल१६ म्हणजे १६ ठोके, सीएल३६ म्हणजे ३६. पण डीडीआर४ चा ठोका आणि डीडीआर५ चा ठोका सारख्या लांबीचे नसतात. वेग वाढला की ठोका आखूड होतो. ३२०० वेगाच्या रॅमचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा असतो, ६००० च्या रॅमचा ०.३३३ नॅनोसेकंदाचा. आबांचं पाऊल आणि पोराचं पाऊल.

आता खरा बांध मोजू. हिशेब एवढाच: सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. येणारं उत्तर नॅनोसेकंदात असतं. २००० का? रॅम एका ठोक्यात दोनदा माल देते. डीडीआर या नावातल्या 'डबल'चा अर्थ तोच. म्हणजे ३२०० ची रॅम सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माल देते, पण तिचे ठोके त्याच्या निम्मे, १६०० दशलक्षच असतात. दुकानात सगळे "३२०० मेगाहर्ट्झ" म्हणतात, तुम्हीही म्हणा, काही बिघडत नाही. फक्त सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० च्या आसपास आकडा दिसला तर रॅम अर्ध्या वेगाने चालतेय असं समजून दुकानात भांडायला जाऊ नका. तिथे ठोके दाखवतात.

बाजारात हमखास दिसणाऱ्या रॅमचे हिशेब मी करून ठेवले आहेत:

डीडीआर४ ३२०० सीएल१६: १० नॅनोसेकंद
डीडीआर४ ३२०० सीएल२२: १३.७५
डीडीआर४ ३६०० सीएल१८: १०
डीडीआर५ ४८०० सीएल४०: १६.६७
डीडीआर५ ५६०० सीएल४६: १६.४३
डीडीआर५ ५६०० सीएल३६: १२.८६
डीडीआर५ ६००० सीएल३६: १२
डीडीआर५ ६००० सीएल३०: १०
डीडीआर५ ६४०० सीएल३२: १०

अमळनेरच्या पोराला भीती वाटत होती की ३६ म्हणजे १६ च्या दुपटीहून हळू. प्रत्यक्षात ६००० ची घेतली तर फरक दोन नॅनोसेकंदांचा आहे. आणि सीएल३० घेतली तर तोही नाही. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम फूटभर जातो, एवढी ही लहान वेळ. डीडीआर५ नवीन आली तेव्हाच्या ४८०० सीएल४० स्टिक मात्र खरोखरच जुन्या चांगल्या डीडीआर४ पेक्षा उशिरा उत्तर द्यायच्या. "डीडीआर५ लॅग मारते" हा समज तेव्हाचा आहे, २०२१ च्या शेवटचा, जेव्हा इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरांसोबत ती बाजारात आली.

मला स्वतःला यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. वीस वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये डीडीआर-४०० सीएल३ असायची. तिचा हिशेब करा: १५ नॅनोसेकंद. मधल्या डीडीआर३ १६०० सीएल११ चा करा: १३.७५. वेग ४०० वरून ६००० वर गेला, पंधरापट झाला, आणि पहिल्या उत्तराची वेळ १५ वरून १० वर आली, बस्स. कारण आतलं काम तेच राहिलं. रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका अतिशय लहान कपॅसिटरमधला चिमूटभर विजेचा साठा. तो भरलेला आहे की रिकामा, हे ओळखण्याएवढा इशारा तारेवर यायला आणि तो वाढवायला वेळ लागतोच. कंपन्यांनी बाहेर नेणारे रस्ते रुंद केले, पण विहिरीतून पहिली बादली वर यायला लागणारा वेळ फारसा कमी झाला नाही.

मग वाढलेल्या वेगाचा उपयोग काय? पहिली बादली आल्यावर मागून पाणी किती जोराने येतं, हे वेग ठरवतो. एका वेळी ८ बाइट, म्हणून ३२०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. दोन चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारे दोन रस्ते, चालू असतील तर ५१.२. ६००० च्या दोन स्टिक असतील तर ९६. पहिल्या उत्तराला दोन्हीकडे १० नॅनोसेकंद, पण पुढचा माल जवळपास दुप्पट. म्हणून नवीन मशीनसाठी ६००० सीएल३० आणि ३२०० सीएल१६ या दोघींना मी सारखं म्हणत नाही.

हिशेबाच्या आधी तीन गोष्टी

हा गुणाकार एकदा समजला की पोरं त्यातच रमतात आणि मोठ्या गोष्टी विसरतात. मोठ्या गोष्टी तीन आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

पहिली: मदरबोर्डात काय बसतं. एएमडीच्या एएम४ बोर्डात फक्त डीडीआर४, एएम५ मध्ये फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, पण सहसा एका बोर्डात एकच प्रकार. नावात "डी४" किंवा "डीडीआर४" लिहिलंय का ते खोक्यावर पाहा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, लांबून सारख्याच दिसतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाऊ नका. लॅपटॉप असेल तर आधी हे बघा की रॅम बदलता येते का. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावर डाक लावून बसवलेली असते. जिथे स्लॉट असतो तिथे साधारण ३२०० सीएल२२ किंवा ५६०० सीएल४६ अशी सरळ प्रमाणित स्टिकच मिळते आणि चालते. तिथे सीएलचा विचार सोडून द्या, दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तो भरा. लॅपटॉपवाल्यांचं काम इथेच झालं.

दुसरी: जीबी किती. हे मी सगळ्यांना हमखास विचारतो. रॅम कमी पडली की विंडोज उरलेला माल एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या ड्राइव्हवर, ठेवतं. रॅमकडून प्रोसेसरपर्यंत एखादी गोष्ट पोचायला सगळं मिळून ७० ते १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीकडून तीच आणायला पन्नास-शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे हजारपट. सीएल१६ आणि सीएल२२ मधला फरक पावणेचार नॅनोसेकंदांचा. ८ जीबीची भारी रॅम घेऊन तो वाचवायचा आणि क्रोमच्या वीस टॅब उघडल्यावर हजारपट उशीर सोसायचा, यात पोराचं नुकसानच आहे. टॅली, वर्ड, ऑनलाइन क्लास यांना १६ जीबी. कोडिंग, गेम यांना १६ पासून ३२. लग्नाचं फोर-के एडिटिंग असेल तर ३२ च्या खाली मी मशीन देत नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. तेव्हापासून बजेट आखताना मी सीएलमध्ये तडजोड करतो, जीबीमध्ये नाही.

तिसरी: दोन स्टिक. १६ जीबी हवी असेल तर ८ आणि ८, ३२ हवी असेल तर १६ आणि १६. एकच स्टिक लावली की एकच चॅनेल चालतो, म्हणजे वर काढलेला मालाचा आकडा सरळ निम्मा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये, उदाहरणार्थ एएमडीच्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरच्या मशीनमध्ये, हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे चित्र काढणारा भागही याच रॅममधून जेवतो. "आत्ता एक घेतो, दिवाळीला दुसरी घेऊ" हा विचार समजण्यासारखा आहे, घरात पैसे तसेच येतात. पण शक्य तिथे एकाच पाकिटातली जोडी घ्या. त्यामागे माझा एक कटू अनुभव आहे, तो पुढे सांगतो.

पाकिटावरचे पुढचे आकडे

बहुतेक जण सीएल पाहतात आणि थांबतात. पाकिटावर मात्र १६-१८-१८-३६ अशी माळ असते. पुढच्या आकड्यांचा अर्थ सांगायला मला जळगावच्या सराफाच्या दुकानात जावं लागेल.

तुम्ही अंगठी दाखवा म्हणालात. सराफ मागच्या कपाटातून अंगठ्यांचा ट्रे काढून गादीवर ठेवतो. मग त्या ट्रेमधून तुम्ही बोट दाखवलेली अंगठी उचलतो. आता तुम्ही मंगळसूत्र मागितलंत, तर तो आधी अंगठ्यांचा ट्रे जागेवर ठेवतो आणि मग दुसरा काढतो. दोन ट्रे उघडे ठेवून तो कधी बसत नाही. रॅमच्या चिपमधल्या एका कप्प्यातही, त्याला बँक म्हणतात, असंच चालतं. तिथे ओळी आणि स्तंभ असतात. ट्रे काढणं म्हणजे ओळ उघडणं, त्याला लागणारे ठोके हा माळेतला दुसरा आकडा. ट्रेमधली अंगठी उचलणं म्हणजे स्तंभ वाचणं, तो पहिला आकडा, आपला सीएल. ट्रे परत ठेवणं म्हणजे ओळ बंद करणं, तो तिसरा. चौथा आकडा एकदा काढलेला ट्रे किमान किती वेळ बाहेर राहिलाच पाहिजे, ते सांगतो.

म्हणजे हवी ती ओळ आधीच उघडी असेल तेव्हाच नुसत्या सीएलएवढा वेळ लागतो. चुकीची ओळ उघडी असेल तर तिन्ही आकड्यांची बेरीज लागते. आता हे पाहा. ६००० ची एक रॅम ३०-३८-३८ अशी मिळते आणि दुसरी ३६-३६-३६. पहिलीची बेरीज १०६ ठोके, म्हणजे ३५.३ नॅनोसेकंद. दुसरीची १०८, म्हणजे ३६. पाकिटावर सीएल ३० आणि ३६ इतके लांब दिसतात, आणि वाईटात वाईट वेळी दोघींत एक नॅनोसेकंदाचाही फरक नाही. ३० चा अर्थ नाही असं मी म्हणत नाही, उघड्या ट्रेमधून उचलायची वेळ वारंवार येतेच. पण त्या सहा आकड्यांसाठी दुकानदार बरेच जास्त पैसे मागत असेल तर दुसरा-तिसरा आकडा विचारा. दर दहा टक्क्यांच्या आत वाढत असेल तर मी सीएल३० घेतो, त्यापुढे गेला तर सीएल३६ घेऊन उरलेले पैसे एसएसडीत टाकतो.

डीडीआर५ ने इथे एक चांगली गोष्ट केली. तिच्या प्रत्येक स्टिकचे आतून दोन भाग असतात आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या मागण्या पुऱ्या करतात. दुकान तेच, पण काउंटर दोन. गर्दीत त्याचा उपयोग होतो, आणि हल्लीच्या प्रोसेसरांत सहा-आठ कोर एकदम मागायला उभे असतात.

तुमचं काम कोणतं

छोट्या छोट्या, विखुरलेल्या मागण्या करणाऱ्या कामांना कमी वेळ लागणारी रॅम मानवते. गेममध्ये फ्रेम फार वर न्यायच्या असतील, मोठा कोड कंपाइल करायचा असेल, ही त्यातली कामं. पण गेम चालवताना ग्राफिक्स कार्डच दमलेलं असेल तर रॅम बदलून काही दिसत नाही. आणि प्रोसेसर एएमडीच्या एक्स३डी प्रकारचा असेल, जसा २०२२ चा ५८००एक्स३डी, तर त्याच्याकडे ९६ एमबीची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच लहान मेमरी, असते. सराफाने रोज लागणारा माल समोरच्या काचेत मांडून ठेवावा तसं ते आहे. मागच्या कपाटाकडे जाणंच कमी होतं, त्यामुळे साधी रॅमही चालते.

सलग मोठा माल ओढणाऱ्या कामांना वेग हवा. ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन हे एक. दुसरं हल्ली पोरं विचारतात ते: घरच्या मशीनवर भाषेचं एआय मॉडेल चालवणं. प्रोसेसरवर चालवलं तर प्रत्येक शब्दतुकड्यामागे साधारण अख्खं मॉडेल रॅममधून एकदा वाचावं लागतं. मॉडेल ४ जीबीचं असेल तर सेकंदाला ५१.२ जीबी माल देणाऱ्या रॅमवर सेकंदाला जास्तीत जास्त १२ च्या आसपास तुकडे, ९६ च्या रॅमवर २४. सीएल काहीही असो. इतका स्वच्छ हिशेब दुसऱ्या कुठल्या कामात मला दिसलेला नाही.

टॅली आणि ऑफिसच्या कामाला यातलं काहीच जाणवत नाही. त्यांना जीबी पुरेशी आणि स्टिक दोन, विषय संपला.

बोर्ड किती झेपवतो

रॅम ७२०० ची घेतली म्हणून ती ७२०० ने चालेलच असं नाही. इंटेलच्या एच६१० बोर्डावर रॅम ठरलेल्या वेगापुढे नेताच येत नाही. अशा डीडीआर४ बोर्डाला ३६०० ची जोडी घेऊन देणारे मी पाहिलेत, ती ३२०० वर किंवा त्याखालीच चालते. एएम४ वर रायझन ३००० आणि ५००० साठी ३६०० हा चांगला पल्ला, कारण तिथपर्यंत प्रोसेसरच्या आतला रस्ता रॅमच्या पावलाशी पाऊल मिळवून चालतो. एएम५ वर ६००० सांगतात, कारण तिथपर्यंत मेमरी कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग, रॅमच्या बरोबरीने चालतो. त्यापुढे बरेच बोर्ड मेमरी कंट्रोलरला निम्म्या वेगावर टाकतात आणि मोठा आकडा घेऊनही उत्तर उशिरा येऊ लागतं.

चार स्टिकचा मोह टाळा. डीडीआर५ चार स्टिकवर फार ताणली जाते. रायझन ७००० साठी एएमडीने स्वतः दिलेले आकडे बघा: दोन स्टिकला ५२००, चारला ३६००. पुढे ६४ जीबी लागणार असेल तर आत्ताच ३२ च्या दोन घ्या. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमची यादी असते. दुकानात जायच्या आधी त्या यादीतले दोन-तीन पार्ट नंबर वहीत लिहून न्या. जळगावच्या गोलाणी मार्केटला जा, नाशिकला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, पण पार्ट नंबरने मागा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. रॅमची वॉरंटी वर्षानुवर्षं चालते, बिल नसेल तर तिचा उपयोग नाही.

बसवणं आणि बायोस

चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. शेजारशेजारचे नाही. बोर्डावर बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. प्लग काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबा. कडी आपोआप 'टक' करून लागते. टक ऐकू आलं नाही तर स्टिक बसलेली नाही.

आता सगळ्यात जास्त घरांत राहून जाणारी पायरी. ३६०० किंवा ६००० ही पाकिटावरची ग्वाही आपोआप चालू होत नाही. नवीन मशीन पहिल्यांदा चालू होतं ते रॅमच्या साध्या प्रमाणित वेगावर: डीडीआर४ असेल तर बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६, डीडीआर५ असेल तर बहुधा ४८०० किंवा ५६००. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा, एक्सएमपी किंवा एक्सपो असं लिहिलेलं शोधा, पहिला प्रोफाइल निवडा, सेव्ह करून बाहेर या. एक्सएमपी इंटेलचा शब्द, एक्सपो एएमडीचा. चोपड्याच्या एका स्टुडिओत मी मशीन सर्व्हिसला घेतलं, टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर क्लिक केलं, तर ३२०० सीएल१६ ची महागडी जोडी २१३३ वर चालत होती. घेऊन तीन वर्षं झाली होती. मालक तिथेच उभा होता, मी दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, कारण त्याने पैसे मोजले होते आणि कोणी त्याला एक डिलीट बटण सांगितलं नव्हतं.

एएम५ वाल्यांनी एक लक्षात ठेवा. नवीन डीडीआर५ लावून पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्डावर रॅमपाशी एक लहान दिवा पेटलेला असतो. मशीन त्या वेळी रॅमच्या तारांचं बारीक मोजमाप करत असतं, त्याला ट्रेनिंग म्हणतात. दहा मिनिटं हात लावू नका. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम यूपीएसवर करा. अमळनेरच्या पोराचं हेच झालं. पहिल्यांदा चालू केलं, काळी स्क्रीन, त्यातच लाइट गेली, परत आली, परत काळी स्क्रीन. घाबरून फोन: "काका, मशीन गेलं!" मागून त्याची आजी विचारत होती, "काय व्हयनं रे भाऊ?" मी म्हटलं, चहा पी आणि थांब. सात मिनिटांनी बायोस दिसला. एक्सपो लावल्यावर मशीन उठलंच नाही तर बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर बहुधा स्वतःच साध्या वेगावर येतो. नाही आला तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

तपासणी, आणि मे महिना

आता तो कटू अनुभव. सुरुवातीच्या वर्षांत मी एका स्टुडिओला एकेक करून दोन स्टिक घेऊन दिल्या, मध्ये चार महिने गेले. ब्रँड तोच, स्टिकरवरचे आकडे तेच. आतल्या चिप वेगळ्या निघाल्या. एकाच नावाखाली पुढच्या खेपेला वेगळ्या चिप येतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हिवाळ्यात काही झालं नाही. एप्रिलच्या लग्नसराईत व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की दीड-दोन तासांनी मशीन निळी स्क्रीन देऊन बंद. नवरीकडच्यांना व्हिडिओ द्यायची तारीख गेली. मी आठवडाभर विंडोज, ड्रायव्हर, पॉवर सप्लाय सगळं उलटंपालटं केलं, आणि रॅमची टेस्ट सगळ्यात शेवटी लावली. ती पहिली लावायला हवी होती.

म्हणून आता प्रोफाइल चालू केल्यावर मी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवतो. चारही फेऱ्यांत एकही चूक नको. एक चूक म्हणजेसुद्धा नापास. चूक आली तर वेग एक पायरी खाली आणा, ६००० चे ५६०० करा, आणि परत लावा. जोडी नवीन असेल तर सरळ बदलून मागा, पाकिटावर लिहिलेला वेग बोर्डाच्या मर्यादेत असूनही मिळत नसेल तर तुम्ही कमी का घ्यायचं?

आणि ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत मशीन असेल तर विचारू नका. रॅमच्या त्या बारीक कपॅसिटरमधला साठा सतत गळत असतो, म्हणून रॅम तो दर काही मिलिसेकंदांनी परत भरत राहते. गरम झालं की गळती वाढते. चिप ८५ अंशांपुढे गेली तर भरण्याची घाई दुप्पट करावी लागते, असं प्रमाणातच सांगितलेलं आहे. आपली रॅम तिथवर सहसा जात नाही, पण अगदी काठावर ताणलेली टायमिंग, म्हणजे पाकिटावरच्या माळेतले ते आकडे, त्याच्या बरीच आधी चुकू शकते. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये तो आकडा दिसतो. डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा, दोन्ही लिहून ठेवा. मी खानदेशातल्या मशीनला हाताने टायमिंग घट्ट करून देत नाही, पाकिटावरच्या प्रोफाइलवर थांबतो. पुण्यातल्या एसी खोलीत जे टिकतं ते सावद्याच्या माडीवर टिकेलच असं नाही.

कूलरचा वारा थेट कॅबिनेटवर सोडू नका. आपल्याकडचं पाणी जड, त्या दमट वाऱ्याबरोबर धूळ आणि क्षार आत जाऊन रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतात. पावसाळा लागला की "मशीन चालू होत नाही, नुसतं बीप करतं" असे फोन येतात ते बरेचदा यामुळेच. स्टिक काढा, पांढरं साधं खोडरबर घ्या, पट्टीवरून एकाच दिशेने हलक्या हाताने तीन-चारदा फिरवा, चुरा मऊ ब्रशने झाडा आणि परत टक आवाज येईपर्यंत बसवा. दहातल्या पाच-सहा वेळा मशीन तिथेच उठतं.

अमळनेरच्या पोराने शेवटी १६-१६ ची ६००० सीएल३६ जोडी घेतली, सीएल३० ला दुकानदार फारच जास्त मागत होता. टास्क मॅनेजरचा फोटो पाठवला, ६००० दिसत होतं. रात्रभराची टेस्ट चूक न येता पार पडली. पुढच्या मे महिन्यात, दुपारी तीनला, कूलर बंद करून तीच टेस्ट परत लावायची असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.